चढावरचा प्रश्न

वाट बंद असल्याची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, ही दुसऱ्या कुणासाठी तरी असेल. चांगली मोठी, हिरवीगार, ओल्या रंगाचा वास येणारी पाटी. 'वनपुनरुज्जीवनाचे काम सुरू. पायवाट बंद. सहकार्याबद्दल धन्यवाद.' मी अजून काडीचंही सहकार्य केलं नव्हतं आणि हे आभार मानून मोकळे झाले होते. असे आगाऊ आभार मानणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

तसा मला राग कशाचाही येतो. लिफ्ट दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांची घाई निस्तरत असतो. माणसं बटण एकदा दाबून थांबत नाहीत. दाबत राहतात, जणू वर कुणी झोपलंय आणि त्याला हलवून उठवायचंय. मी त्यांना हसतो, पण माझी तऱ्हा तरी काय वेगळी आहे? पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलोय मी. जेवता जेवता उठतो, फोन आला की खोलीभर फिरतो, आणि बसून बोलायची वेळ आली की मला हटकून एखादा गळका नळ आठवतो. माझ्या बायकोनं, म्हणजे तेव्हाच्या बायकोनं, वेगळं होताना शांतपणे सांगितलं होतं की तिला माझ्या पाठीशी बोलून बोलून कंटाळा आलाय.

तर आता रविवार माझा आणि बाकीचे वार तिचे. रविवारी सकाळी आमची लेक माझ्याकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. लेकीला मी टिटवी म्हणतो. तान्ही असताना तिचा आवाज असा होता की शेजारचे दारं लावून घ्यायचे, म्हणून हे नाव पडलं. आता ती चौदा वर्षांची आहे आणि शब्द असे जपून वापरते की विचारू नका. नाव तेवढं राहिलंय.

सुरुवातीचे रविवार आम्ही माझ्या खोलीत काढले. एक टेबल, दोन खुर्च्या, समोरासमोर. मी विचारायचो, "शाळा कशी चाललीय?" ती म्हणायची, "बरी." मग मी उठून खिडकीची कडी दुरुस्त करायचो. खोलीतल्या साऱ्या कड्या, बिजागऱ्या, नळ दुरुस्त झाले, तेव्हा आता काय करायचं या धास्तीनं मी तिला म्हणालो, चल, फिरून येऊ. शेवटच्या बसथांब्याच्या मागेच टेकडी आणि जंगल सुरू होतं. एका अंगानं चढून जायचं आणि दुसऱ्या अंगानं उतरायचं अशी ती जुनी पायवाट. आम्ही चालायला लागलो आणि पहिल्याच वळणापलीकडे टिटवी आपणहून बोलायला लागली. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची सक्ती नव्हती, हे त्याचं कारण. दोघांनी खाली बघायचं, दगड चुकवायचे आणि बोलायचं. मला तर हे वरदानच वाटलं.

पुढे त्यातून आमची एक पद्धत पडली. अवघड प्रश्न चढावर विचारायचा. चढावर धाप लागलेली असते, त्यामुळे समोरच्याला तोंडाला येईल ते फटकन बोलता येत नाही. माथ्यावर पोचलं की पाणी प्यायचं, सँडविच खायचं आणि त्या प्रश्नाचं नावही काढायचं नाही. उत्तर उतारावर. असं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. 'तुम्ही दोघं रोज का भांडायचात?' हे तिनं चढावर विचारलं आणि उतारावर मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं इतक्या सरळपणे सांगितलं. 'शाळेत तुला कुणी छळतं का?' हे मी चढावर विचारलं आणि उतारावर ती रडली. खोलीत बसून यातलं एक वाक्यही झालं नसतं. आमचं बाप-लेकीचं सगळं नातं त्या वाटेवर उभं होतं, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

पाटी लागली त्या रविवारी आम्ही नेहमीसारखे चढत होतो. झाडांची मुळं उघडी पडून जिथे पायऱ्या झाल्यात, त्या सगळ्यात खड्या टप्प्यावर टिटवी म्हणाली, "बाबा, आईला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. मोठी. मी तिच्याबरोबर गेले, तर तू काय करशील?"

मी तोंड उघडलं, पण नुसती हवाच आली. पद्धत म्हणून ते ठीकच होतं.  म्हटलं, माथ्यावर जरा बसू, डोकं ठिकाणावर आणू, आणि उतरताना नीट सांगू.

माथ्यावर पोचलो तर तिथे ही गर्दी. टोप्या घातलेली माणसं झाडाझाडाला पिवळ्या फिती बांधत होती. उताराच्या तोंडाशी आडवे बांबू टाकलेले. आजपासून काम सुरू झालंय, पलीकडे उतरता येणार नाही, सगळ्यांनी गाडीत बसा, असं सांगून त्यांनी आम्हाला त्यांच्या ट्रकमध्ये चढवलं. एक कुत्रेवाले गृहस्थ, धावायला आलेल्या दोन बायका, आणि आम्ही. समोरासमोर दोन बाकं. टिटवी माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा. कुत्रा रस्ताभर माझे बूट हुंगत होता. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही कुत्र्याकडे बघायला लागलो. ट्रक खाली पोचला तेव्हा ती पाटी उभी राहिली होती. बस आली आणि टिटवी गेली. प्रश्न तसाच माझ्याकडे राहिला.

पुढच्या रविवारी मी तिला हॉटेलात नेलं. समोरासमोर. तिनं सरबत मागवलं, मी कॉफी. ती म्हणाली, "आईला महिनाअखेर कळवायचंय." बस्स, एवढंच. प्रश्न पुन्हा विचारला नाही. एकदा विचारला होता आणि उत्तराची पाळी माझी होती, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी साखरेची पुडी उघडली, बंद केली, टेबलाचा एक पाय डगडगत होता त्याखाली तीच पुडी घडी करून घातली. टेबल डगडगायचं थांबलं. टिटवी सरबताच्या नळीनं बर्फ टोचत होती.

उत्तर माझ्याकडे नव्हतं असं नाही. तयारच होतं. कामावर, लिफ्टच्या शाफ्टच्या तळाशी ग्रीस लावता लावता मी ते शंभरदा घोकलं होतं. 'तू खुशाल जा. मी अगदी मजेत राहीन.' बापानं असंच बोलायचं असतं. पोरीच्या पायात आपल्या दुःखाची बेडी कशाला घालायची? वाक्य छान होतं, भारदस्त होतं. फक्त ते सांगायला मला उतार हवा होता.

माझ्याबरोबर काम करणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. तो खरा कुणाचाच मामा नाही. त्याला मी हे सगळं सांगितलं, तर तो केबलचं भेंडोळं खांद्यावरून काढत म्हणाला, "अरे, तोंडानं बोलायचं असतं की पायानं?"

"तुला नाही कळायचं ते."

"बरं, उतार पाहिजे ना तुला? मग आपण दिवसभर काय करतो? माणसांना खालीच तर आणतो."

मामा चेष्टा करत होता. पण माझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की शिरला. शहराच्या मधोमध एक उंच इमारत आहे, सगळी ऑफिसं, रविवारी चिटपाखरू नसतं. तिथल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे. पुढच्या रविवारी मी टिटवीला घेऊन तिथे गेलो. पहारेकऱ्याला सांगितलं, तपासणी आहे. वरच्या मजल्यावर गेलो, पॅनेल उघडलं आणि लिफ्ट तपासणीच्या वेगावर टाकली. त्या वेगानं ती इतकी हळू उतरते की गोगलगायीनंही वैतागावं.

दार बंद झालं. आम्ही शेजारी शेजारी उभे, दोघांचे डोळे मजल्यांच्या आकड्यांवर.

"हे काय चाललंय?" टिटवीनं विचारलं.

"उतार," मी म्हणालो.

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. मी घसा खाकरला. "तर तू त्या दिवशी जे विचारलंस..." एवढं झालं आणि वरून कुठूनतरी बारीक कर्रकर्र आवाज यायला लागला. लिफ्ट ज्या लोखंडी पट्टीला धरून सरकते, तिच्यावर काहीतरी घासत होतं. मी ऐकायचं नाही असं ठरवलं. "म्हणजे मला असं म्हणायचंय, की मी अगदी..." कर्रकर्र. "थांब जरा. ऐकलंस? गाइड शू झिजलाय, पट्टीवर सरकणारा तो तुकडा." आणि मी कान लावून उभा राहिलो, आधी डाव्या भिंतीला, मग उजव्या. कोणत्या बाजूचा ते कळेपर्यंत आकड्यांचा शून्य झाला आणि दार उघडलं. समोर पहारेकरी उभा. त्याला वाटलेलं, आम्ही अडकलो.

बाहेर रस्त्यावर आल्यावर टिटवी म्हणाली, "बाबा, हा उतार नव्हे. उतारावर आपले पाय चालतात."

तिचं बरोबर होतं. बसथांब्यापर्यंत मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत गेलो. एक झिजलेला तुकडा पोरीपेक्षा महत्त्वाचा ठरला होता.

महिनाअखेर जवळ आली तसा माझा जीव टांगणीला लागला. घरात बसवेना, कामावर लक्ष लागेना. मामाच्या अंगावर दोनदा ओरडलो आणि एकदा स्क्रू नसलेल्या जागी स्क्रू शोधत बसलो. शेवटी एका दुपारी काम टाकून वनखात्याच्या कचेरीत जाऊन थडकलो. खिडकीमागे एक कारकून होता, गळ्यात मफलर, पुढ्यात चहा. मी विचारलं, वाट कधी उघडणार?

"ती जुनी वाट ना? ती नाही उघडणार."

"म्हणजे?"

"म्हणजे कायमची बंद. नवी वाट करतायत, वळसा घालून. रुंद आहे, सोपी आहे, चढ जाणवणारही नाही."

"आम्हाला चढ हवाय," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

त्यानं कप खाली ठेवला. "साहेब, पाऊस पडला की तिथली सगळी माती वाहून जाते. झाडांची मुळं उघडी पडलीत, तुम्ही बघितलं असेल. लोक वाटेवरून चालत नाहीत, वाटेच्या कडेनं चालतात. वाट रुंदावत जाते आणि कडेची रोपं मरतात."

"आम्ही कडेनं चालत नाही."

"सगळे हेच सांगतात."

मी तणतणत बाहेर पडलो. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी ठरवलं की या रविवारी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आपण जायचंच. बंद तर बंद. जंगल काही कुणाच्या खिशातलं नाही.

रविवारी पाटीपाशी आलो तेव्हा टिटवी थांबली. "आपण आत जातोय?"

"हो."

"बंद आहे."

"वाचता येतं मला."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग वाकून वाटेवर आडव्या बांधलेल्या पिवळ्या फितीखालून माझ्याआधी आत गेली. चढाच्या बाजूला अजून काम सुरू झालं नव्हतं. वाट तशीच होती, फक्त माणसं नव्हती, आणि त्यामुळे आमच्याच पावलांचा आवाज आम्हाला मोठा वाटत होता. नवीन प्रश्न कुणालाच विचारायचा नव्हता. मी वाक्य घोकत होतो. मी मजेत राहीन, मी अगदी मजेत राहीन. मुळांच्या पायऱ्यांवर धाप लागली तेव्हाही घोकतच होतो. माथा ओलांडायचा, पलीकडे उतरायला लागायचं आणि पहिल्या वळणावर सांगून टाकायचं, म्हणजे सुटलो.

माथ्यावर पाय ठेवला आणि समोर एक बाई उभी. रुंद टोपी, गळ्यात शिट्टी, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांच्यामागे दहाबारा माणसं फांद्या ओढत होती. 

"आलात? ही वेळ झाली यायची?" बाई म्हणाल्या. त्या तिथल्या मुकादमबाई होत्या हे नंतर कळलं. "स्वयंसेवकांनी सकाळी यायचं असं स्पष्ट सांगितलं होतं. दोघं कमी पडले म्हणून माझी सगळी रांग अडकून पडलीय."

मी तोंड उघडलं. खरं सांगावं तर हाकलतील, गाडीत घालून खाली नेतील, आणि पुन्हा एकदा कुत्रा. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"सॉरी हं, काकू. बाबांना आवरायला फार वेळ लागतो."

मी वळून बघितलं. टिटवीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. खोटं बोलताना ही पोर इतकी शांत असते, हे मला आजवर ठाऊक नव्हतं आणि बाप म्हणून मी त्या क्षणी काळजी करायला हवी होती. मला नुसता आनंद झाला.

"घ्या, हातमोजे घ्या," मुकादमबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातात एक दाताळं दिलं आणि मला पाल्यानं भरलेली मोठी गोणी. "कुदळवाले पुढे उतरून गेलेत. चालून चालून दगड झालेली माती त्यांनी फोडून ठेवलीय. तुम्ही वरून खाली जायचं. माती सारखी करायची, त्यावर पाला पसरायचा, मधे मधे वाळक्या फांद्या टाकायच्या. त्या तुम्हाला कडेला रचलेल्या मिळतील. आणि उलटं चालायचं."

"उलटं?"

"तोंड वर, पाठ खाली. सरळ चाललात तर केलेल्या कामावर तुमचेच पाय उमटणार ना. स्वतःचं पाऊल पुसत पुसत मागे सरकायचं. लांबून बघणाऱ्याला इथे वाट होती अशी शंकासुद्धा यायला नको. वाट दिसली की माणूस चालणारच." एवढं बोलून त्या दुसऱ्या कुणावर तरी खेकसायला निघून गेल्या.

अशा रीतीनं मला माझा उतार मिळाला. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, दरीकडे पाठ करून, आणि एक एक पाऊल मागे टाकत खाली जायला लागलो.

उलटं उतरणं मला बिलकूल जमेना. दिवसभर शिड्या चढणारा माणूस मी, पण मागची जमीन दिसत नाही म्हटल्यावर पाऊल टाकवेना. दुसऱ्याच वळणाआधी टाच एका मुळाला अडकली आणि मी गोणीसकट बसकण मारली. टिटवी हसली. लहानपणीसारखं कर्कश, मोठ्यानं हसली. वरून कुणीतरी वाकून बघितलं. मी उठलो, कपडे झटकले, आणि बसलेल्या जागेचा खड्डा तिनं दाताळ्यानं सारखा केला.

मग हाताला लय सापडली. ती माती ओढायची, मी पाला टाकायचो, दोघं मिळून फांदी आडवी ठेवायचो, आणि एक पाऊल मागे. वाटेची रुंदी बरोबर दोन माणसांची होती. कडेला जुन्या अरुंद वाटेची खूण दिसत होती, एका माणसापुरती. बाकीची रुंदी नंतर वाढलेली होती. कारकुनावर मी उगाच चिडलो होतो. खांद्याला खांदा लावून चालायचं, तर दोघांतला एक कडेनंच चालणार. आम्ही दर रविवारी तेच केलं होतं.

"तू विचारलं होतंस, मी काय करीन," मी म्हणालो.

"हं." तिचं दाताळं थांबलं नाही.

वाक्य जिभेवर आलं. मी मजेत राहीन. इतकं घोकलेलं की नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. पण दोन्ही हात पाल्यात होते, पाय मागे न दिसणारी जमीन चाचपत होते, आणि तशा अवस्थेत मला ते भारदस्त वाक्य उचलता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "रविवारी मी फार लवकर उठतो. तू येणार असतेस म्हणून. तू नसलीस तरी जाग येईलच. मग खोलीत येरझारा घालीन. मामाला फोन करून पिडेन. दुपारी काय करीन ते मला खरंच सुचत नाहीय." मी एक फांदी उचलली, ती तिनं दुसऱ्या टोकाला धरली, आणि आम्ही ती ठेवली. "मला फार वाईट वाटेल, टिटवे. तू जाऊ नयेस असं वाटतं. पण तुझ्या आईला ही नोकरी पाहिजे आहे, आणि तुलाही जायचंय. ते मला त्या दिवशीच कळलं होतं, तू विचारलंस तेव्हा. तर तू जा. मी रागावणार नाही. रडेन बहुतेक."

रडेन म्हणेपर्यंत रडायलाच लागलो होतो. मनगटानं डोळे पुसायला गेलो तर हातमोज्याची सगळी माती गालाला लागली.

 टिटवी माती ओढत राहिली, एका पट्ट्यावरून उगाच दोनदा दाताळं फिरवलं. मग म्हणाली, "तिथल्या शाळेत पोहायचा तलाव आहे."

"हो?"

"मोठा आहे. मला जायचंय. म्हणजे, खूप नाही. पण जायचंय." आणखी एक पाऊल मागे. "मला वाटलं होतं तू म्हणशील, मी मजेत राहीन."

"तेच म्हणणार होतो."

"लिफ्टमध्ये म्हणायला लागला होतास."

"हो."

"तू तसं म्हणाला असतास ना, तर मला इतका राग आला असता." तिनं वाकून माझ्या बुटाचा ठसा पुसला. "मजेत असतास, तर मग मी परत कशाला यायचं?"

 मी गोणीत हात घातला आणि मूठ मूठ पाला टाकत राहिलो. मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी हलकंही वाटत होतं, आणि हे दोन्ही एकदम होऊ शकतं याचं मला नवल वाटत होतं.  ती मधूनच सांगायची, "बाबा, डावीकडे दगड आहे," आणि मी पाय उजवीकडे टाकायचो.

खाली पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ट्रक उभा होता, माणसं अवजारं मोजून आत टाकत होती. मी पहिल्यांदा मान वर करून सगळ्या उतारावर नजर फिरवली. नुसता पाला, फांद्या, झाडं. आत्ता या घटकेला तिथून उतरून आलो होतो, तरी कुठून उतरलो ते मला दाखवता आलं नसतं. काम चांगलं झालं होतं. ते मीच केलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मुकादमबाई आल्या, डोळे बारीक करून वर बघितलं आणि हुंकार दिला. त्यांच्या मानानं ते कौतुक असावं. मी हातमोजे काढून पुढे केले.

"राहू देत तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "अजून चढाची बाजू सगळी बाकी आहे. पुढच्या रविवारी दोघंही वेळेवर या."

"बाबा येतील," टिटवी म्हणाली.

"आणि तू?"

टिटवीनं माझ्याकडे बघितलं. समोरून, सरळ डोळ्यांत. आणि मीही नजर हलवली नाही.

"मी सुट्टीत येईन," ती म्हणाली.

मी मान हलवली. मुकादमबाईंना वाटलं, मी त्यांनाच हो म्हणतोय.